तांबेकंपौंडरांचा दुधी

तांबेकाकांचा माणसांवर विश्वास होता, पण माणसांच्या जिभेवर काडीचा नव्हता. "जिभेला काय कळतं?" ते म्हणायचे. "जीभ म्हणजे दारावरचा वॉचमन. ओळखीचा दिसला की सलाम ठोकणार, अनोळखी दिसला की अडवणार. आत कोणाची गरज आहे ते तिला कुठे ठाऊक?" हे सांगताना त्यांच्या हातात एक चपटी काचेची बाटली असायची, बाटलीत हिरवट पांढरं काहीतरी असायचं, आणि ऐकणाऱ्याला कळून चुकायचं की आता आपल्या वॉचमनला बाजूला सारून हे आत जाणार आहे.

बाटलीत दुधीचा रस असायचा. दुधी भोपळा ही काही पाहुण्यांसमोर मांडायची भाजी नव्हे. नाव काढलं की पोरं तोंड वाकडं करतात आणि मोठी माणसं मनातल्या मनात करतात. त्या दुधीला तांबेकाकांनी निवृत्तीनंतरचं आयुष्य वाहिलं होतं. त्याआधीची अडतीस वर्षं त्यांनी लालबागच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपौंडरकी केली होती, आणि दवाखाना सुटला तरी कंपौंडरकी काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती.

आम्ही परळची खोली सोडून भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या अलीकडच्या एका नव्या बिल्डिंगीत राहायला आलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बिल्डिंग नवी म्हणजे भिंतींचा रंग ओला आणि नळ कोरडे. सामान लावून होतंय न होतंय तोच दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे राहिले. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि मूल कडेवर घ्यावं तसा घेतलेला एक लांबलचक दुधी.

"तळमजल्यावर तांबे," ते म्हणाले. "नवीन बिऱ्हाड आलं की लोक नारळ देतात. नारळाने काय होतं? खोकला. हा घ्या. घरात कोणाला काय होतंय?"

"कोणाला काही होत नाही," मी म्हटलं.

"होत असणार. परळहून आलात ना? पित्त असणारच."

नेमका त्याच वेळी आतून विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, खणखणीत ढेकर दिला. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी लपवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली हजर. दवाखाना सोडताना काकांनी निरोपाची भेट म्हणून मिक्स्चरच्या रिकाम्या बाटल्यांची दोन खोकी मागून घेतली होती. बाटलीवर पूर्वी असायची तशी कागदाची उभी पट्टी, कात्रीने दोन्ही बाजूंनी खाचा पाडलेली आणि गव्हाच्या खळीने चिकटवलेली. एक खाच म्हणजे एक डोस. "सकाळी एक खाच. हलवून घ्यायचं. रस उरला तर फेकायचा, उद्याला ठेवायचा नाही. आणि एकवीस दिवस स्टेशनवरचा वडापाव बंद, उपाशीपोटी चहा बंद, जेवण आठच्या आत." एकवीस दिवसांत विलासचं पित्त गेलं. ते दुधीने गेलं की वडापाव सुटल्याने गेलं हे आम्हाला कधी कळलं नाही, आणि काकांनी कळू दिलं नाही.

खोटं कशाला बोलू, दुधी गुणाचाच. पचायला हलका, पाण्याने भरलेला, उन्हाळ्यात पोटाला गार, आजारातून उठलेल्या माणसाला सोसणारा. बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना चालतो. एवढं माझ्या आईलाही माहीत होतं. काका एवढ्यावर थांबते तर मला आज हे लिहावं लागलं नसतं. काकांच्या मते दुधीने रक्तदाब उतरायचा, साखर उतरायची, केस गळायचे थांबायचे, झोप लागायची आणि मुलांचं गणित सुधारायचं.

"गणित कसं सुधारेल काका?" मी एकदा विचारलं.

"पोट साफ तर डोकं साफ. डोकं साफ तर गणित साफ. यात न कळण्यासारखं काय आहे, ताई?"

दुधीची भाजी त्यांना चालायची, सालांची चटणी तर फारच. पण हलवा म्हटलं की कपाळाला आठी. "दुधीचा हलवा करणं म्हणजे डॉक्टरला तमाशात नाचवणं," असं त्यांचं मत होतं. गोड म्हणजे लाड, कडू म्हणजे उपाय, अशी त्यांनी जगाची सरळ वाटणी करून टाकली होती. त्याचं मूळ लालबागच्या दवाखान्यात होतं, आणि ती गोष्ट ते इतक्या वेळा सांगत की आमच्या बिल्डिंगमधली पोरं ती हावभावांसकट म्हणून दाखवायची.

"डॉक्टर एकदा मला म्हणाले, तांबे, आपलं मिक्स्चर फार कडू होतं, जरा गोड करा. म्हटलं, साहेब, तुम्ही म्हणाल तसं. केलं गोड. आठ दिवसांत दवाखाना ओस! गिरणीतली माणसं यायची आणि माझ्याशी भांडायची. म्हणायची, कंपौंडर, औषधात राम राहिला नाही, पाणी घालता काय? नवव्या दिवशी मी गुपचूप पुन्हा किराईताचा कडू काढा घातला. झाली गर्दी."

"आणि औषध?"

"औषध तेच हो! पण आत काहीतरी गेलं असं माणसाला वाटायला नको? तोंड वाकडं झालं की निम्मा पेशंट तिथेच बरा. कडू ते कामाचं."

हे "कडू ते कामाचं" त्यांच्या बोलण्यात पूर्णविरामासारखं यायचं. मुलाला मास्तरांनी मारलं, कडू ते कामाचं. कोणाची बढती हुकली, कडू ते कामाचं. माझ्या सासूबाई महिनाभर राहायला आल्या तेव्हाही ते जिन्यात मला तेच म्हणाले, आणि सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या.

काकांचा वेल बिल्डिंगच्या मागे होता, पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत. बांबूचा मांडव, त्यावर रुंद पानं आणि खाली लोंबणारे दुधी. प्रत्येक दुधीवर काकांची नजर, तोडायच्या दिवसाचा अंदाज वहीत. त्या काळात आमच्याकडे पाणी दिवसाआड टँकरने यायचं. माणसांना पुरत नव्हतं तिथे वेलाला कुठून? मग काकांनी प्रत्येक मजल्यावर एक बादली ठेवली आणि वर पाटी लावली: तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी इथे ओतावे. साबण नको. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी एकदा साबणाचं पाणी ओतलं, तर काकांनी बादलीला नाक लावलं आणि घराघरांतून साबण हुंगत हुंगत बरोबर त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

वेलाला फळ नसेल त्या दिवसांत काका दुधी विकत घ्यायचे, आणि तेही फक्त जनाबाईकडून. ही मोरवा गावची. खाडीच्या बाजूला तिची स्वतःची वाडी होती, आणि ती टोपली घेऊन रोज स्टेशनजवळ बसायची. तिचा एक नेम होता. दुधी देताना ती विळ्याने देठाकडची एक चकती काढायची आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची. "चाख," म्हणायची. "गोड हाय का बघ. कडू लागला तं मना परत दे. पोटान घालू नको."

काका चकती घ्यायचे आणि न चाखता पिशवीत टाकायचे. "अगं, कडू लागला तर जास्त चांगला."

"डाकतर, तुला समजाचा न्हाय," जनाबाई म्हणायची. ती त्यांना डाकतरच म्हणायची, आणि काकांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. "कारला कडू त्यो त्याचा धरम हाय. दुधी कडू म्हंजे त्याचा डोका फिरला. आमचे घरान कडू निंगला तं ढोरांना पन देत न्हाय."

"खेडवळ समजूत," काका परत येताना मला म्हणाले. मीही मान हलवली. आज सांगायला लाज वाटते, पण मलाही ते तसंच वाटलं होतं.

काकांची पहिली पेशंट म्हणजे शेवंताकाकू. ठेंगणी, गोरटेली, अतिशय कमी बोलणारी बाई. काका बोलत असताना तिची "हं" मधूनमधून यायची. सकाळी बुद्धवंदना झाली की काका मिक्सर लावायचे आणि पहिला पेला काकूच्या हातात द्यायचे. रस उगवतीकडे तोंड करून उभ्याने प्यायचा हा नियम काकांचाच. म्हणून काकू पेला घेऊन मागच्या गॅलरीत जायची आणि रिकामा करून आणायची. "बघा," काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "साठ उलटली, एक गोळी नाही. रोज न चुकता अख्खा पेला." काकू म्हणायची, "हं."

दुसरे पेशंट शहाभाई. बाजूच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे, कापड बाजारातली नोकरी संपवून घरी बसलेले. गोल, शांत, हसरे गृहस्थ. दोघांची ओळख दुधीनेच झाली. शहाभाईंच्या घरी कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, चातुर्मासात पालेभाजीही नाही. "फिर बचा कौन?" ते हात पसरून विचारायचे. "दुधी!" असा माणूस काकांना मिळाला म्हणजे देवळाला पुजारीच मिळाला. रोज सकाळी दोघं खाडीवर फिरायला जायचे, काकांच्या पिशवीत बाटली, तिथल्या कट्ट्यावर बसून दोघांचा एकेक डोस. काका मराठीत बोलायचे, शहाभाई हिंदी-गुजरातीत, आणि दोघांनाही दुसऱ्याची भाषा शिकावी असं कधी वाटलं नाही. शहाभाईंची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा हितेश मला एकदा म्हणाला होता की पप्पा दिवसभरात तोंड उघडून हसतात ते फक्त खाडीवरून परत येताना.

आम्हाला तिथे येऊन सातेक वर्षं झाली होती; त्या वर्षी फाल्गुनातच ऊन असं तापलं की टँकर दोन दोन दिवस यायचा नाही. मजल्यांवरच्या बादल्या कोरड्या पडल्या, कारण डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यानेच लोक भांडी विसळायला लागले. वेलाची पानं मलूल झाली. एकच दुधी धरला होता, आखूड आणि जरा वेडावाकडा. काकांनी तो तोडला, रस काढला, बोटावर घेऊन जिभेला लावला, आणि त्यांचं तोंड असं झालं की काकूने विचारलं, "काय झालं?"

"शेवंता," काका गहिवरून म्हणाले, "आज खरा गुण उतरलाय."

पुढचं मला विलासने सांगितलं, कारण तोही त्या दिवशी खाडीवर गेला होता. काकांनी त्यालाही एक डोस दिला. विलासने एक घोट घेतला, बुटाची लेस सुटल्याचं निमित्त करून खाली वाकला आणि सगळा रस कट्ट्यामागच्या मातीत ओतून तोंड पुसत उभा राहिला. त्याच्या पायात त्या दिवशी चपला होत्या, पण काकांचं लक्ष नव्हतं. ते शहाभाईंकडे बघत होते.

"तांबेभाई, ये आज क्या है? बहोत कडवा है."

"कडवा है ना? असली माल! वर्षात एकदा मिळतो असा."

"अरे, जहर जैसा लगता है."

"जहर को जहर मारता है, शहाभाई. नाक दाबा आणि एकदम घ्या."

शहाभाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एवढा आनंद ज्याच्या तोंडावर आहे त्याला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांनी नाक दाबलं आणि अख्खा डोस घशाखाली घातला. काकांनी स्वतः दोन घेतले.

तासाभरात काका आमच्याच जिन्यात बसून ओकत होते. ओकता ओकता त्यांनी मला हात करून सांगितलं, "काळजी नको... शुद्धी होतेय." तेवढ्यात बाजूच्या बिल्डिंगीतून शहाभाईंच्या सुनेची हाक आली आणि काकांचा चेहरा पांढरा पडला. दोघांना रिक्षांमध्ये घालून आम्ही स्टेशनजवळच्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये नेलं. शहाभाईंच्या उलटीत रक्त दिसत होतं, हात गार पडले होते. त्यांना सलाइन लावलं आणि शेजारच्याच खाटेवर काकांना. डॉक्टर इतके तरुण होते की काकांनी आधी त्यांनाच विचारलं, "डॉक्टर कधी येणार?"

"मीच डॉक्टर. काय खाल्लं होतंत?"

"काही नाही. दुधीचा रस."

"कडू होता?"

"हो."

"मग थुंकून का नाही टाकलात?"

"कडू होता म्हणून," काका म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग खाटेच्या कडेला बसून त्यांनी समजावून सांगितलं. दुधी चवीला गोडसर किंवा अगदी बेचव असतो. तो कडू झाला म्हणजे त्यात विष तयार झालेलं असतं. कधी उन्हाने, कधी पाणी कमी पडल्याने, कधी बियाणंच तसं निघतं. शिजवून ते विष जात नाही, आणि त्याच्यावर वेगळा उतारा नाही. सलाइन द्यायचं, उलट्या थांबवायच्या आणि शरीराने सावरायची वाट बघायची. "आणि ते ओळखायला कुठली तपासणी लागत नाही, काका. जीभ लागते. जीभ सांगत होती ना तुम्हाला?"

पहिल्यांदाच कोणी डॉक्टर काकांच्या त्या दारावरच्या वॉचमनची बाजू मांडत होते.

आणि एकाएकी ते सलाइनसकट उठून बसले. "शेवंता! डॉक्टर, माझ्या बायकोला बघा! तिने सगळ्यात आधी घेतलाय, अख्खा पेला, उपाशीपोटी! ताई, धावा, घरी एकटी असेल, पडली असेल..." एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडायला लागला. मीही दाराकडे धावले, कारण गडबडीत काकूकडे कोणीच पाहिलं नव्हतं.

"मी इथेच आहे," दारातून आवाज आला. काकू उभी होती, हातात पेजेचा डबा, चेहऱ्यावर एक रेषही हललेली नाही.

"तुला काही होत नाही? उलटी? चक्कर? पोटात?"

"नाही."

"अगं, तू अख्खा पेला प्यालीस!"

काकूने डबा टेबलावर ठेवला, पदर सारखा केला. "मी नाही प्याले," ती म्हणाली. "आजचा नाही, कालचा नाही. गेली सहा वर्षं मी तो गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालते."

मी तोंडावर पदर धरला. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. सहा वर्षं, रोज सकाळी, नियमाने, उगवतीकडे तोंड करून फसवणूक! मला वाटलं, आता काका चिडणार. त्यांनी सलाइन नसलेला हात पुढे केला आणि काकूचा हात घट्ट धरला. "बरं केलंस," ते म्हणाले. "फार बरं केलंस गं."

"हं," काकू म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि त्या कढीपत्त्याचं काय होईल आता?"

काका दोन दिवसांत घरी आले. शहाभाई सहा दिवस तिथेच होते. पहिले दोन दिवस काका शेजारच्या खाटेवरून त्यांच्या सलाइनचे थेंब मोजत होते आणि थेंब जरा मंदावला की नर्सला हाक मारत होते. काका घरी निघताना हितेश त्यांच्याजवळ आला. तो सज्जन मुलगा, आवाज चढवला नाही, पण डोळे लाल होते. "अंकल," तो म्हणाला, "अब पप्पा को कुछ मत देना. पानी भी नहीं." काकांनी मान खाली घातली. ती मान नंतर बरेच दिवस तशीच खाली होती.

घरी आल्यावर त्यांनी वेल उपटला आणि मांडव मोडला. मग ते दारोदार गेले, बाटल्या परत मागितल्या, आणि प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणाले, "मी चुकीचं सांगत होतो. दुधी खा, पण आधी चाखा. कडू लागला तर टाका." लोक म्हणायचे, जाऊ द्या काका. त्यांना जाऊ देता येत नव्हतं. खाडीवर फिरणं बंद झालं. शहाभाई गॅलरीत बसलेले दिसले की काका रस्ता बदलायचे, आणि हे पाहून शहाभाई आत निघून जायचे. बिल्डिंगमध्ये महिनाभर कोणी कोणाला आरोग्याचं काही सांगितलं नाही. मी एकदा मुद्दाम म्हटलं, काका, पित्त झालंय, तर म्हणाले, "डॉक्टरकडे जा, ताई." मला घरी येऊन रडू आलं.

एकदा बाजारात जनाबाईने त्यांना हाक मारली. बातमी तिच्यापर्यंत गेलीच होती. आता ही बोलणार, या भीतीने मीच बाजूला झाले. तिने टोमणा मारला नाही. एक दुधी घेतला, देठाकडची चकती काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. "चाख, डाकतर."

काकांनी चकती तोंडात घातली. चावली. "गोड आहे."

"मंग घे," जनाबाई म्हणाली.

वैशाख पौर्णिमा आली. आमच्या भागातली बौद्ध मंडळी बुद्धपौर्णिमेला आमच्या कंपाउंडमध्ये मांडव घालून दुपारनंतर खीर वाटायची, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना. दुधीची खीर, मोठ्या टोपात, आणि दरवर्षी काकांच्या देखरेखीखाली. त्या वर्षी काका म्हणाले, मी हात लावणार नाही, आणि दुधीची तर नकोच. बायकांनी ऐकलं नाही. "दुधीचीच होणार, आणि तुमच्याइतकं चाखून कोण बघणार आता?" असं म्हणून त्यांनी काकांनाच बसवलं. चौदा दुधी होते, जनाबाईचेच. काका प्रत्येकाची दोन्ही टोकं कापून चावत होते, चूळ भरत होते, दोन मिनिटं डोळे मिटून बसत होते आणि मग पुढच्या दुधीला हात लावत होते. एक त्यांनी बाजूला काढला. मी चाखला, गोड होता. "शंका आली," ते म्हणाले, "शंका आली की घ्यायचा नाही."

चार वाजता रांग लागली. काका वाढायला उभे होते, काकू शेजारी वाट्या देत होती. वीसेक माणसं झाली असतील, आणि काकांचा हात थांबला. समोर शहाभाई उभे होते, हातात काठी, अंगाने निम्मे झालेले.

"तुम्हाला नको," काका हळूच म्हणाले.

"क्यों? लाइन में खडा हूँ, नंबर आया है."

"हितेश रागवेल."

"हितेश ऑफिस में है."

काकांनी डाव टोपात ठेवला. एक वाटी घेतली, स्वतःला खीर वाढून घेतली, चार चमचे खाल्ले, वाटी टेबलावर ठेवली आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. "दहा मिनिटं थांबा," ते म्हणाले. "मला काही झालं नाही तर देतो."

मागे पन्नासएक माणसं उन्हात उभी. "काका, खीर आहे, इंजेक्शन नाही!" कोणीतरी ओरडलं. पोरं वाट्या वाजवायला लागली. काका हलेनात. आधीची वीस माणसं खाऊन पाणी पिऊन गप्पा मारत समोर उभी होती, हे त्यांना कोणी सांगितलं तरी पटेना. शहाभाई काठीवर रेलून त्यांच्याकडे बघत होते आणि काका घड्याळाकडे.

"कितना हुआ?" शहाभाईंनी विचारलं.

"चार मिनिटं."

शहाभाईंनी काठी काकूच्या हातात दिली. टेबलावरची काकांची ती अर्धी खाल्लेली वाटी उचलली, त्यातलाच चमचा घेतला आणि खायला सुरुवात केली. त्यांच्या घरात कोणी कोणाचं उष्टं खात नसे, हे आमच्या सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. वाट्या वाजवणाऱ्या पोरांचे हातसुद्धा थांबले. शहाभाईंनी सावकाश वाटी संपवली. "मीठी है," ते म्हणाले. "अब लाइन चलाओ, तांबेभाई, लोग धूप में खडे हैं."

काकांनी बाहीने डोळे पुसले आणि वाढायला लागले. निम्मी खीर वाट्यांच्या बाहेर सांडत होती, आणि लोक वाट्या पुढे करत होते.

त्या संध्याकाळी मी माझ्या मुलीला आणायला शहाभाईंच्या घरी गेले, ती त्यांच्या नातीबरोबर खेळत होती. तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराबाहेर, काका स्टूल टाकून बसलेले. शेजारी रिक्षावाल्याचा नाव-पत्ता लिहिलेला कागद आणि लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या. शहाभाईंना काही झालंच तर आपण जवळ असावं म्हणून ते पाच वाजल्यापासून तिथे बसले होते आणि आत कोणाला त्याचा पत्ता नव्हता. मी काही बोलणार इतक्यात हितेश ऑफिसमधून जिना चढत आला. त्याने काकांकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्याला दोन वाक्यांत खिरीचं सांगितलं. त्याने किल्लीने दार उघडून धरलं.

"अंकल," तो म्हणाला, "अंदर आके बैठो."

काकांनी घड्याळ बघितलं. "अजून अर्धा तास," ते म्हणाले, "मग येतो."